डक्टची दुरुस्ती : दर विचारण्याआधी माप ठरवा

होळी झाली की छत्रपती संभाजीनगरात गच्चीवरचे कूलर उघडले जातात. ताडपत्री निघते, टाकीच्या तळाचा पांढरा क्षार खरवडला जातो, मोटार सुरू करून पाहिली जाते. मग लक्षात येतं की डक्टच्या सांध्यांतून वारा बाहेरच जातोय आणि हॉलमध्ये पोचणारा झोत निम्म्यावर आलाय. पारा तोवर चाळिशीकडे निघालेला असतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर एकेक दुपार जड जाते. ओळखीतून मिस्त्रीचा नंबर मिळतो, तो येतो, मान वर करून डक्ट पाहतो आणि म्हणतो, "करून टाकू साहेब, पैशाचं नंतर बघू."

दोन वर्षांपूर्वी मी या वाक्याला मान डोलावली होती. गच्चीवरून हॉलपर्यंत येणारा तीस फुटांचा पत्र्याचा डक्ट गंजला होता, तो नवा करायचा होता. दर विचारला तेव्हा उत्तर आलं, "फुटाला शंभर." मी मनात तीन हजार धरले. काम झालं, वाराही छान येऊ लागला, आणि बिल आलं पंधरा हजारांचं. मी फूट म्हणजे लांबीचा फूट समजत होतो, मिस्त्री पत्र्याचा चौरस फूट सांगत होता. त्याच्या धंद्याची रीतच तशी आहे, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी दारात झालेली बोलाचाली मी अजून विसरलेलो नाही. वाचकांवर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

डक्ट कुणाच्या घरी असतो?

आपल्याकडच्या बहुतेक घरांत खिडकीतला कूलर किंवा भिंतीवरचा स्प्लिट एसी असतो, त्यांना डक्ट नसतो. डक्ट दिसतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. एक, बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये गच्चीवर किंवा बाहेर स्टँडवर बसवलेला मोठा डक्ट कूलर, ज्याचा वारा पत्र्याच्या बोगद्यातून दोन-तीन खोल्यांत नेलेला असतो. दुसरा, फॉल्स सीलिंगच्या आत दडवलेला डक्टेबल एसी. पहिल्याची दुरुस्ती पत्र्याचं काम करणारा कारागीर करू शकतो. दुसऱ्याला एसीचा तंत्रज्ञ लागतो, कारण तिथे गॅस, तांब्याच्या नळ्या आणि पाण्याचा निचरा हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. पत्रावाल्याने एसीच्या नळ्यांना हात लावला तर खर्च एकाचा दोन होतो.

वादाचं मूळ मापात

पत्र्याचा डक्ट चौरस फुटांवर किंवा चौरस मीटरवर मोजतात. त्याचं गणित घरबसल्या करता येतं. डक्टची रुंदी आणि उंची यांची बेरीज करून दुप्पट करायची, की चारही बाजू मिळून घेर येतो. या घेराला लांबीने गुणलं की पत्र्याचं क्षेत्रफळ. माझा डक्ट १८ इंच रुंद आणि १२ इंच उंच होता. घेर ६० इंच, म्हणजे ५ फूट. लांबी ३० फूट. क्षेत्रफळ १५० चौरस फूट. शंभराच्या दराने पंधरा हजार. हिशेबात चूक नव्हती, फक्त तो मी कामानंतर केला.

म्हणून कोटेशनवर "दर इतका" एवढं पुरेसं नाही. "चौरस फुटाला इतका, अंदाजे इतके चौरस फूट, कामानंतर दोघांनी मिळून प्रत्यक्ष माप घ्यायचं" असं लिहून घ्यावं. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. डक्ट एकदा सीलिंगच्या आड गेला की तो किती होता, हे सिद्ध करणं अवघड जातं. झाकण्याआधी टेप लावून फोटो काढावा.

बेंड, म्हणजे वळण, हा दुसरा अडसर. वळणाचा पत्रा कापताना तुकडे वाया जातात, मजुरीही जास्त लागते. काही कारागीर वळणाला वेगळा दर लावतात, काही सरळ मापात जास्तीची टक्केवारी धरतात. दोन्ही पद्धती रास्त असू शकतात, पण कोणती लागू होणार हे आधी ठरायला हवं. डक्टभोवती इन्सुलेशन असेल तर त्याचं माप आणखी निराळं. ते पत्र्याच्या बाहेरून गुंडाळलं जातं, त्यामुळे त्याचं क्षेत्रफळ पत्र्याहून थोडं अधिक भरतं. जाळी, ग्रिल, डँपर आणि ब्लोअरला जोडणारा कापडी जोड हे नगावर मोजतात. ते चौरस फुटांच्या दरात आहेत की बाहेर, हे विचारा.

मग पत्र्याची जाडी. पत्रा गेजमध्ये सांगितला जातो आणि इथे आकडा उलटा चालतो. गेजचा आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ. २४ गेजचा पत्रा साधारण ०.६३ मिलिमीटर, तर २२ गेजचा ०.८ मिलिमीटर. "चांगला जाड पत्रा वापरतो" या शब्दांना काही अर्थ नाही, गेज लिहून घ्या. पत्र्याच्या हवा-डक्टसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ६५५ हे मानक आहे. घरगुती कामात कुणी त्याचा दाखला देत नाही, तरी आपण त्याचं नाव काढलं की समोरचा अधिक काळजीपूर्वक बोलतो, हा माझा अनुभव आहे.

निदान न करता दुरुस्ती करू नका

वारा कमी झाला की डक्ट बदलायचा सल्ला लगेच मिळतो. पण वारा कमी होण्याची कारणं पाच-सहा असतात, आणि त्यातली बरीचशी स्वस्तात सुटतात. ब्लोअरचा पट्टा सैल झालेला असतो. पॅडवर क्षार साचून हवा आत यायची वाट बुजलेली असते. खोलीची खिडकी बंद असते. कूलरची ओली हवा आत शिरायची तर आतली हवा बाहेर जायला वाट लागते, आणि ती बंद असेल तर नवा डक्टही उपयोगाचा नाही. सांध्यांची गळती असेल तर कूलर चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळ अगरबत्ती धरावी. धूर जिथे उडतो, तिथे सीलंट आणि टेप लागतं. पूर्ण पत्रा गंजून भोकं पडली असतील तरच नवा डक्ट.

मोटार जळाली असेल तर वाइंडिंगच्या वेळी एक प्रश्न हमखास विचारावा : तार तांब्याची की अॅल्युमिनिअमची? दोन्हींच्या किमतीत मोठी तफावत आहे आणि बाहेरून पाहून आपल्याला काही कळत नाही. बिलावर "तांब्याचं वाइंडिंग" असे शब्द हवेत.

डक्टेबल किंवा साध्या एसीच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसे जातात ते "गॅस कमी झालाय" या निदानावर. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरला तर तो पुन्हा निघून जाणार, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच बिल पुन्हा येणार. रीतसर कामात आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधतात, ती बंद करतात, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढतात, आणि मग वजनकाट्यावर तोलून गॅस भरतात. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे एसीच्या पट्टीवर छापलेलं असतं : आर-३२, आर-४१०ए, किंवा जुन्या यंत्रात आर-२२. या चार पायऱ्या कोटेशनवर वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. तंत्रज्ञाकडे वजनकाटा नसेल तर त्याच्याकडून गॅस भरून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासणीची फी द्यावी लागली तर खुशाल द्यावी. माणूस उन्हात गच्चीवर चढतो, अर्धा तास घालवतो, त्याचा तो मोबदला आहे. काम त्यालाच दिलं तर ती फी बिलातून वजा होणार का, एवढं विचारून ठेवावं.

कागदावर काय असावं?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात तोंडी करारही वैध धरला जातो. अडचण वैधतेची नसते, पुराव्याची असते. तोंडी ठरलेलं नंतर दोघांना वेगवेगळं आठवतं. स्टँप पेपर, वकील यांची घरगुती दुरुस्तीला गरज नाही. वहीच्या कागदावर दोघांच्या सह्या चालतात. तेही अवघड वाटलं तर सगळं ठरलेलं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावं आणि "बरोबर आहे, मंजूर" असं उत्तर मागून घ्यावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी ठरावीक प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मांडता येतात. त्यामुळे ते संभाषण पुसू नका.

मजकूर दहा-बारा ओळींचा पुरे. कोणतं काम, कोणतं माप, कोणत्या गेजचा पत्रा, कोणत्या कंपनीचा पंप, मजुरी किती, सामान किती. काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार. आणि एक वाक्य ठळक : "जास्तीचं काम निघालं तर आधी विचारून, दर ठरवूनच करायचं." डक्ट उघडल्यावर आत काहीतरी निघतंच, तो कारागिराचा दोष नाही. न विचारता केलेल्या कामाचं बिल मात्र भांडण लावतं.

लोक हमखास विसरतात त्या दोन गोष्टी. पहिली भंगार. जुना पत्रा, जळालेल्या मोटारीतलं तांबं, एसीची जुनी कॉइल यांना वजनावर पैसे मिळतात. ते कुणाचे? आपले असतील तर बिलातून वजा व्हावेत, कारागिराला द्यायचे असतील तर मजुरीत ते दिसावेत. दुसरी तोडफोड. भिंतीला भोक पाडलं, पीओपी फोडलं, तर ते बुजवून रंग कोण देणार? पत्रावाला म्हणतो, ते गवंड्याचं काम. म्हणून आधीच लिहा.

हमी सामानाची वेगळी आणि कामाची वेगळी असते. पंपाची हमी कंपनी देते, त्यासाठी बिल आणि कार्ड जपावं लागतं. सांधे गळणार नाहीत याची हमी कारागिराने द्यायची. एक पूर्ण उन्हाळा तरी ती मागावी, कारण जूनमध्ये कूलर बंद झाला की गळती दिसतच नाही.

जीएसटी आणि पक्कं बिल

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" असं असतं. दुरुस्तीच्या सेवेवर हा कर १८ टक्के आहे. ४०,००० चं काम त्यामुळे ४७,२०० वर जातं. तुलना करताना एकाचा करासह आणि दुसऱ्याचा करावेगळा आकडा समोर ठेवला तर निर्णय चुकतो.

प्रत्येकाला जीएसटी लावण्याचा अधिकार नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेला माणूस कर आकारू शकत नाही. कंपोझिशन योजनेतला व्यावसायिकही ग्राहकाकडून तो वेगळा घेऊ शकत नाही. ज्याने कर लावला त्याच्या बिलावर १५ अक्षर-अंकांचा क्रमांक असायलाच हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव दिसतं.

"बिल नको असेल तर कमी करतो" हा मोह मोठा असतो. तो टाळावा. बिलाशिवाय हमी सिद्ध होत नाही, तक्रार उभी राहत नाही. शिवाय बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. छोट्या कारागिराकडे छापील बिलबुक नसेल तर साध्या कागदावर नाव, पत्ता, तारीख, काम, रक्कम आणि सही एवढं घ्यावं.

जुना एसी दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, याचा विचार करताना हेही लक्षात असू द्या : एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुरुस्तीचं कोटेशन नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर मी दुरुस्ती करणार नाही.

पैसे केव्हा द्यावेत?

सामान आणायला कारागिराला उचल लागते, ती नाकारणं योग्य नाही. हातावर पोट असलेला माणूस स्वतःच्या पदरचे पैसे घालून पत्रा कुठून आणणार? पण उचल सामानाच्या किमतीपुरती असावी. पत्रा घरी येऊन पडला, त्याची जाडी पाहिली, की दुसरा हप्ता. शेवटचा हप्ता, साधारण पाचवा हिस्सा, कूलर भर दुपारी दोन तास चालवून पाहिल्यावर. तो ठरल्या दिवशी, न रखडवता द्यावा. आपण कारागिराचे पैसे अडकवतो तेव्हा पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

विजेचा धक्का आणि उंचीवरचं काम

हा भाग खर्चाचा नाही, जिवाचा आहे. कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज एकत्र. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंही जातात. कुठल्याही दुरुस्तीच्या करारात अर्थिंग तपासून देण्याचं कलम घालावं. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर डक्टच्या आधी तो बसवावा. त्याचा खर्च डक्टच्या तुलनेत किरकोळ आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या बाहेर स्टँडवर चढायचं असेल तर पट्टा आणि दोर कारागीर आणणार की नाही, हे आधी विचारा. नसतील तर काम थांबवा. त्याचंही घर त्याची वाट पाहत असतं. अपार्टमेंटमध्ये बाहेरच्या भिंतीवर काम करायचं तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

वर्षाचा करार घ्यावा का?

एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, दोन प्रकारची. साध्या करारात फक्त साफसफाई आणि मजुरी येते, सुटे भाग वेगळे. कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात भागही येतात, पण त्यातून काय वगळलंय ती यादी वाचावी लागते. गॅस, कॉइल, पीसीबी आणि डक्ट बहुधा तिथेच वगळलेले सापडतात. वर्षातून किती फेऱ्या आणि त्यातली एक तरी मार्चच्या आत, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, हे आकड्यांत असावं. "लवकरात लवकर" हा आकडा नव्हे.

"कंपनी हा करार कधीही, कारण न देता रद्द करू शकते" असं कलम दिसलं तर त्यावर बोट ठेवा. २०१९ च्या कायद्याने असे एकतर्फी करार "अनुचित करार" या व्याख्येत घेतले आहेत आणि त्यांविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्या आयोगाचं खंडपीठ आपल्या शहरातही आहे.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च : पाणी

ताशी दहा हजार घनमीटर हवा फेकणारा डक्ट कूलर ती हवा बारा अंशांनी थंड करत असेल, तर उष्णतेच्या हिशेबाने तासाला ५० लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. दिवसाला आठ तास म्हणजे ४०० लिटर. क्षार साचू नये म्हणून टाकी बदलायची ते पाणी निराळं.

या शहराला पाण्याची किंमत सांगायला नको. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर बांधली, पुढे पाणचक्की उभी राहिली, तिच्या हौदाखालच्या दालनात उन्हाळ्यातही गारवा असे. जायकवाडीचं धरण जवळ असूनही अनेक वसाहतींनी मात्र कित्येक दिवसांनी एकदा येणाऱ्या नळावर वर्षं काढली आहेत. ज्यांना टँकर विकत घ्यावा लागतो, त्यांनी डक्टवर मोठा खर्च करण्याआधी उन्हाळ्याच्या शंभर दिवसांचं पाणी मोजावं. तीन खोल्यांचा डक्ट दुरुस्त करण्याऐवजी एकाच खोलीत छोटा कूलर परवडतो, असं काहींच्या बाबतीत दिसून येईल.

वाद झालाच तर

आधी लेखी कळवा, दुरुस्त करून द्यायला मुदत द्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. जाताना लागतात त्या गोष्टी मात्र काम सुरू होण्याआधीच जमवाव्या लागतात : कोटेशन, फोटो, बिल, संदेश.

एप्रिल उजाडला की शहरातले सगळे मिस्त्री गुंतलेले असतात, दर चढतात, आणि घासाघीस करायला आपल्याजवळ वेळ नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत तोच माणूस निवांत भेटतो, नीट माप घेतो, नीट बोलतो. तेव्हा संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी टेप घेऊन गच्चीवर जा, आपल्या डक्टची लांबी, रुंदी, उंची मोजा आणि वहीत लिहून ठेवा. मिस्त्रीला फोन त्यानंतर करा.